आडव्याने बांधलेली माटोळी

बाय,

आमोण्याच्या नाक्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. तुझ्याच महिला मंडळाने लावलाय. जांभळा रंग, दोन्ही बाजूंना समया, खाली 'सदा हसतमुख, सोशिक, सर्वांची प्रेरणा' असं लिहिलेलं आणि मधे तुझा दात दिसणारा फोटो. तो फोटो मी लगेच ओळखला. तुझ्या मुलाच्या लग्नातला आहे. पंगतीत कढी वाढायला तू वाकलीस, कळ कमरेतून निघून टाचेपर्यंत गेली आणि नेमकं तेव्हाच फोटोवाल्याने बटण दाबलं. ते हसू नव्हे, तू दात आवळून धरले आहेस. मी समोरच्याच पानावर बसलो होतो. त्यानंतर तू फोटोवाल्याला जे म्हणालीस ते फ्लेक्सवर छापण्यासारखं नव्हतं.

तुझ्या बाराव्याच्या संध्याकाळी देवळाच्या मंडपात शोकसभा झाली. माईक होता, पाण्याच्या बाटल्या होत्या, आणि बसायला त्या प्लास्टिकच्या खुर्च्या, ज्यांच्यावर तू आयुष्यात पाच मिनिटं बसू शकली नाहीस. पहिला वक्ता तुला सुमतीऐवजी सुमन म्हणाला आणि शेवटपर्यंत सुमनच म्हणत राहिला. दुसरा कुठेतरी योगाचे वर्ग घेतो. त्याने सांगितलं की वेदनेला शत्रू मानू नये, मैत्रीण मानावं, आणि तू नेमकं तेच केलंस. तिसरीने सांगितलं की इतकी वर्षं पाठ दुखत असून तुझ्या तोंडून एक वाईट शब्द कोणी ऐकला नाही. हे ऐकून मला हसू फुटलं आणि हसल्यामुळे पाठीत चमक आली, म्हणून मी उठून खांबाला टेकलो. लोकांना वाटलं, भावाला हुंदका आवरेना.

मग मला बोलायला सांगितलं. मी हात जोडले. काय बोलणार होतो? तुझ्या तोंडचे वाईट शब्द कोणी ऐकले नाहीत, कारण ते सगळे तू माझ्यासाठी राखून ठेवले होतेस. रोज सकाळी, पोदेर आमच्या पार्स्याच्या वाड्यावर पाव घेऊन येतो त्या वेळेला, तू फोन करून पाठीला शिव्या घालायचीस, मग मला घालायचीस, मग पुन्हा पाठीला. मैत्रीण म्हणे! तू तिला सवत म्हणायचीस. भाऊजी वारले तेव्हा मी तुला भेटायला आलो होतो. घर माणसांनी भरलेलं. तू भिंतीला टेकून उभी होतीस, कारण खाली बसलीस तर उठवायला दोन बायका लागल्या असत्या. मला बघून हळूच म्हणालीस, "घोव गेलो रे सगुणा, सवत रवली." एवढं दुःख झालेलं असताना मला हसायला लावलंस, आणि वर डोळे वटारलेस की भावाला रीत नाही.

आता माझी खबर सांगतो. परवा चवथ आहे आणि मी आडवा आहे. तुझ्या बाराव्याहून आलो तो खाटेवर पडलो, आज दहावा दिवस. तुझी भावजय शालन तीनदा विचारून गेली की गणपतीवरची माटोळी कोण बांधणार. तिसऱ्यांदा मी भिंतीकडे तोंड केलं. तुझ्या जाण्याचं मला सुतक किती, तर तीन दिवस. लग्न झालेली बहीण परक्या घरची, असं भटजींनी मला नीट समजावून सांगितलं. म्हणजे देव यायला काही अडचण नाही. ज्या माणसाने मला उठवलं त्याच्यासाठी तीन दिवस, आणि चौथ्या दिवशी मी शुद्ध. शास्त्र लिहिणाऱ्याची पाठ ठणठणीत असणार.

लिहितोय तेही उशीला वही टेकवून. उताणं झोपून लिहिलं की बॉलपेन चालत नाही, म्हणून कुशीवर. तुला सांगायला कोणी उरलं नाही म्हणून लिहितोय, शोकसभेसाठी नव्हे.

टिपर चालवायचो ते दिवस आठवतात तुला? खाणीवरून माल भरायचा आणि आमोण्याच्या धक्क्यावर ओतायचा, दिवसाला जमतील तेवढ्या खेपा. दुपारी टिपर रस्त्याच्या कडेला लावून तुझ्याकडे जेवायला यायचो. लाल धुळीने माखलेला मी थेट चुलीपाशी यायचो आणि तू ओरडायचीस. तुझी पाठ तेव्हाच गेली होती. मांडवीकाठच्या त्या शेतात गुडघाभर चिखलात उभं राहून लावणी करायची, आणि घरी येऊन घागरी. मला वाढताना तू एक हात कमरेवर ठेवून कण्हायचीस. मी पंचविशीतला, छाती पुढे काढून चालणारा. मी म्हणालो होतो, "बाय, कामाचो आळस आसता तो पाठीत भरता." तू आमटी वाढलीस. मला वाटलं, विसरलीस.

मग खाणी बंद झाल्या, टिपर विकला, आणि टिपरच्या सीटवर इतकी वर्षं खाल्लेले दणके माझ्या अंगातून बाहेर यायला लागले. एके सकाळी विहिरीवर पाणी काढताना पाठीत काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि मी काठावरच बसलो. तिघांनी उचलून आणलं. त्यानंतर दीड वर्ष मी खाटेवर होतो. डॉक्टरने फिल्म दिव्यासमोर धरून मणके दाखवले, गोळ्या दिल्या, पट्टा दिला, व्यायाम सांगितले आणि हेही सांगितलं की पडून राहू नका. तेवढं सोडून मी सगळं केलं.

त्या दीड वर्षात माझ्या खाटेपाशी जी माणसं येऊन गेली, त्यांच्याबद्दल मी आजवर कोणापाशी बोललो नाही, फक्त तुझ्यापाशी. कोणी तेल आणलं, कोणी कसलीशी मुळी. प्रत्येकाच्या ओळखीत एक माणूस असायचाच, ज्याची पाठ माझ्याहून वाईट होती आणि जो आता डोंगर चढतो. हा डोंगर चढणारा माणूस मला एकदा भेटायला हवा होता. शालनचा भाऊ रोज सकाळी मोबाईलवर उगवत्या सूर्याचं चित्र पाठवायचा, त्याच्यावर लिहिलेलं असायचं की मनाची तयारी असेल तर काहीही अशक्य नाही. त्याला स्वतःला गाडीचं चाक बदलताना दम लागतो. एक भाचा व्हिडिओ लावून गेला. त्यात सूटबूटातला एक माणूस स्टेजवर येरझारा घालत ओरडत होता, "उठा! उठा!" ज्याला येरझारा घालता येतात त्याने आडव्या माणसाला उठा म्हणावं, ह्यात कसली मर्दुमकी?

आणि त्यांच्यापेक्षा मला माझाच राग यायचा. छपराची कौलं मोजायचो. शालन अंगण झाडायची तेव्हा डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचो. ती परसातून लाकडं ओढून आणायची, त्याचा आवाज यायचा, आणि मी सोंग आणखी घट्ट करायचो.

मग दुसऱ्या वर्षीच्या चवथीच्या आधी तीन दिवस तू आलीस. आमोण्याहून साखळी, साखळीहून म्हापसा, म्हापशाहून पार्से, तीन बशी, आणि तिन्ही उभ्याने. बसलीस तर उठता येत नाही म्हणून कंडक्टरने दिलेली जागा तू नाकारलीस आणि वर त्याला चार शब्द सुनावलेस. हातात पिशवी. पिशवीत तुमच्याकडच्या रानातली कवंडाळं, लालभडक, लहान मुलाच्या मुठीएवढी, जी माटोळीला बांधायची आणि तोंडात घालायची नाहीत, कारण विषासारखी कडू.

दारातूनच विचारलंस, "माटोळी कोण बांधता?"

शालनने सांगितलं की वाड्यावरची मुलं येतील. आमच्या घरात गणपतीवरची माटोळी कर्त्या पुरुषाने बांधायची. ती लाकडी चौकट, तिला केवणीच्या दोरीने आंबाडे, तवशी, सुपारीचे शिपटे, नारळाच्या पेंडी, रानातलं जे मिळेल ते एकेक करून लटकवायचं. बाबांनी बांधली, मी बांधली. त्या आधीच्या वर्षी वाड्यावरच्या मुलांनी बांधली होती आणि मी खोलीत पडून ऐकत होतो.

तू खोलीत आलीस. माझी चौकशी केली नाहीस. खाटेच्या पायथ्याशी उभी राहिलीस आणि कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "कामाचो आळस आसता तो पाठीत भरता, न्हय?"

वीस-बावीस वर्षं ते वाक्य सांभाळून ठेवलं होतंस. तेव्हा तुझा इतका राग आला, बाय, की मी हाताशी असलेला तांब्या फेकायला उचलला. मग तांब्या उचलताना लक्षात आलं की मी कोपरावर उठलोय.

"माका उठाक जमणा नाय," मी म्हटलं. "निजानच रवचां लागता."

तू बाहेर जाऊन शालनला हाक मारलीस. ओसरीवरचा लांब बांक दोघींनी ढकलत आत आणला. तू पायाने ढकललास, वाकायचं नाही म्हणून. माटोळीच्या चौकटीचे दोर सैल करायला लावलेस, चौकट खाली आली, बांकावर झोपलेल्या माणसाचे हात पोचतील इतकी. मग परत खोलीत आलीस.

"तुका निजाकच जाय मरे? मग हंय नीज."

असा मी दीड वर्षाने खाटेवरून उठून बाहेरच्या खोलीत गेलो, आठ पावलं, भिंत धरून, आणि पुन्हा झोपलो. फक्त ह्या खेपेला डोक्यावर कौलांऐवजी माटोळीची चौकट होती. खाण्याच्या मेजावर तू सगळं सामान मांडून घेतलंस, वाकायला लागू नये अशा उंचीवर. तू उभ्याने द्यायचं, मी आडव्याने बांधायचं. दोन मोडकी माणसं मिळून एक धड माणूस झालं. बघायला अर्धा वाडा जमला. मुलं खिदळली.

शेजारचे पांडूकाका, म्हणजे आमच्या वाड्यावरचं धर्मखातं, तरातरा आले. माटोळी खाली उतरवून बांधतात का कधी, आणि हा मखराकडे पाय करून झोपलाय! तू हातातल्या नारळाचा शेंडा सोलत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "देव अजून चितारशाळेत आसा, काका. रंग सुकूचो आसा त्येचो. हंय फकत लाकडां आसत. पाप लागला तर माझ्या नावार घाला."

काका बाजूच्या खुर्चीत बसले. देवाचा रंग सुकायचा आहे ह्यावर त्यांच्याकडे शास्त्र नव्हतं.

पावणेदोन तास लागले. दोनदा आंबाडा माझ्या नाकावर पडला. आणि मग ते भांडण. मधोमध काय बांधायचं? बाबा मधे नारळाची पेंड बांधायचे, मीही तेच करणार होतो. तू कवंडाळं पुढे केलीस. मी म्हटलं, इतकं कडू फळ देवाच्या डोक्यावर मधोमध कशाला? तू म्हणालीस, "सगळां गोड गोडच कित्याक दाखवचां त्येका? कडू पण बघांदी." आपण इतके भांडलो की शालन चहा ठेवून निघून गेली. शेवटी मी नारळ बांधला, कारण दोरी माझ्या हातात होती. तू वर्षभर ते बोलून दाखवलंस. दर वर्षी कवंडाळं घेऊन आलीस, दर वर्षी मी ती कोपऱ्यात बांधली, दर वर्षी तू चिडून परत गेलीस.

बांधून झालं तेव्हा मी तसाच पडून राहिलो. खरं सांगतो, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि उताणा असल्यामुळे ते कानात जात होतं. तू ते पाहिलंस. दुसरी कोणी असती तर डोक्यावरून हात फिरवला असता. तू म्हणालीस, "ऊठ आता. देव येवचो आसा." आणि हात पुढे केला नाहीस. मी उठलो.

जाताना बजावलंस की उद्यापासून फोन करीन, बोलायचं काही नाही, फक्त उठलास का एवढंच. तेव्हापासून रोज. "उठलंस?" "उठलंय. तू?" "कवाच. माझी अर्धी भाकरी झाली." मागून भांड्यांचा आवाज यायचा, चमचा पेल्यावर वाजायचा. मी लाजायचो. पन्नाशी उलटलेली बाई, तीन मणके गेलेली, चुलीपाशी उभी आहे आणि मी? म्हणून मी सांगायचो, "हांव भायर आसां, पाव घेतंय." कारण तेवढ्यात पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजायचा आणि तुला फोनवर ऐकू जायचा. पाव शालन घ्यायची. मी खाटेवर असायचो, फोन खिडकीकडे धरून. आवाज उभ्या माणसासारखा यावा म्हणून छाती फुगवून बोलायचो. फोन ठेवला की मात्र उठायचो. तुला थाप मारलीय आणि तू उभी आहेस, ह्या दोन गोष्टी उशीखाली काट्यासारख्या टोचायच्या.

असा मी कामाला लागलो. मी टेकडीवर गेलो, काजूच्या दिवसांत टोकाला खिळा लावलेल्या काठीने न वाकता बोंडू टोचून गोळा करायला लागलो. ती काठी बघून तू म्हणालीस, भिकाऱ्यासारखा दिसतोस. पुढच्या वर्षी तशीच एक काठी मागून घेऊन गेलीस, परसातली पानं उचलायला.

आपलं मोठं भांडण वेगळंच होतं. मी म्हणायचो, पाठ बरी झाली की परत गाडी घेईन. तू प्रत्येक वेळी माझ्या तोंडावर थुंकल्यासारखं बोलायचीस. "बरी होवची नाय ती. तिच्यासकट काय करतलंस ता सांग." मला ते क्रूर वाटायचं. माणसाला आशा नको का? तू म्हणायचीस, आशा धरून तू दीड वर्ष पडून होतास. मी फोन आपटायचो. दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या वेळेला पुन्हा तूच. तुझं बरोबर होतं हे मी एकदाही कबूल केलं नाही. पाठ बरी व्हायची वाट बघायची सोडली त्या दिवसापासून मी जगायला लागलो, हे तुला सांगायला हवं होतं. पुढच्या चवथीला सांगेन म्हणायचो. मग वाटायचं, सांगितलं तर ही डोक्यावर बसेल.

आता तुझे शेवटचे चार दिवस. चारही दिवस तुझा फोन आला. चारही दिवस चमचा वाजला. तिसऱ्या दिवशी तुझा आवाज जरा खोल वाटला, मी म्हटलं, आज शिव्या कमी? तू म्हणालीस, "उठलंय म्हणटलां ना, पुरो." चौथ्या दिवशीही तेच. दुपारी तुझ्या मुलाचा फोन आला की हॉस्पिटलात नेताना वाटेतच गेलीस. चार दिवस ताप होता. इतकी वर्षं पाठीशी लढलीस आणि तुला नेलं तापाने, ज्याचा आपल्या भांडणात कधी विषयही निघाला नव्हता. ह्याला काय अर्थ आहे?

बाराव्याला तुझी सून दीक्षा मला आतल्या खोलीत घेऊन गेली. तुझ्या अंथरुणाच्या उशाशी एक स्टीलचा पेला होता आणि त्यात चमचा.

"मामा, आई तुमकां हांतरुणार पडूनच फोन करताली," ती म्हणाली. "आनी हें वाजयताली."

मी विचारलं, शेवटचे चार दिवस?

"सदांच. पयल्या दिसापसून. फोन दवरलो काय म्हणटाली, आतां उठूंक जाय, त्या मेल्याक सांगलां." मग ती रडायला लागली. शेवटच्या दिवशी हातात ताकद नव्हती म्हणून चमचा दीक्षाने वाजवला. तूच तिला वाजवायला लावलास.

बाय, मी त्या खोलीत उभा होतो आणि मला तुला कानाखाली वाजवावीशी वाटली. तू चूल पेटवतेस म्हणून मी इतकी वर्षं उठलो, आणि तू अंथरुणात चमचा वाजवत होतीस. मी पाव घेतोय म्हणून तू उठत होतीस, आणि मी भोंग्याकडे फोन धरून पडलेलो. दोन खोटारडी माणसं एकमेकांच्या लाजेवर उठत होती, आणि मंडपात तो योगावाला तुझ्या सकारात्मक विचारांवर बोलत होता. इथवर मी हसलोही असतो. पण चार दिवस तू तापाने फणफणत होतीस आणि त्या एका चमच्याच्या आवाजावर विसंबून मी इथे पार्स्यात निवांत होतो. एकदा खरं बोलली असतीस, "आज नाय उठणंय रे," तर मी तीन बशी बदलून आलो असतो. उभ्याने आलो असतो. मला यायचं होतं. तुझ्या उशाशी उभं राहून तुला चार शब्द सुनावायचे होते. तू ते मला करू दिलं नाहीस, आणि ह्याची माफी मी तुला देणार नाही.

मीही एकदा खरं बोललो असतो तर कदाचित तूही बोलली असतीस. तीही माफी मी मला देणार नाही.

तो पेला-चमचा मी मागून घेतला. दीक्षाने दुसरा नवा देऊ केला, मी हाच घेतला. तेव्हापासून पडून आहे. पोदेर येतो, भोंगा वाजवतो, जातो. फोन वाजत नाही. कोणाला थाप मारून उठू?

वरचं सगळं काल लिहिलं. आजचं आता लिहितो.

सकाळी दीक्षाने कोणाबरोबर तरी पिशवी पाठवली. कवंडाळं. तू पावसाच्या सुरुवातीलाच तिला वेल दाखवून ठेवला होतास, म्हणालीस म्हणे की सगुणाच्या चवथीला न्यायचीत. शालनने पिशवी माझ्या खाटेवर आणून ओतली. ती सावंतवाडीकडची, मला अहो-जाहो करते, पण आज तिचा आवाज तुझ्यासारखा लागला. "वाड्यावरल्या पोरांका सांगान इलंय, येव नको म्हणून. बांधलास तर बांधा. नायतर देव ह्या वर्सा बोडकोच बसतलो." आणि बांक ओढायला लागली. एकटीच. तिचीही आता साठी जवळ आली आहे. दीड वर्ष लाकडं ओढणारी हीच आणि झोपेचं सोंग घेणारा मीच.

मी भिंत धरून आठ पावलं गेलो. झोपलो. शालन एकेक देत गेली. ती तुझ्याइतकी चांगली देत नाही, गाठ मारून होईपर्यंत पुढचं फळ तोंडाशी आणते. पांडूकाका काठी टेकत आले, माझे पाय मखराकडे आहेत हे बघून थांबले. तुझं नाव घेऊन म्हणाले, "ती आसती तर..." आणि जाऊन खुर्चीत बसले. दोन तास लागले. खांदे भरून आले, आंबाडा नाकावर पडला.

बांधून झालं. काका गेले, शालन चहा ठेवायला आत गेली. मी तसाच पडून वर बघत होतो. कानात पाणी गेलं. ह्या वेळी 'ऊठ आता, देव येवचो आसा' म्हणायला कोणी नव्हतं, आणि मला उठायचं नव्हतं. मला तुझी आठवण येत होती. फार येत होती, इतकी की पाठीचं दुखणं त्यापुढे काही नव्हतं, आणि असं मी आजवर कशाबद्दलही म्हटलेलं नाही.

पेला बांकाच्या कडेला होता. मी हात लांब करून चमचा उचलला आणि पेल्यावर वाजवला. दोनदा.

आतून शालनचा आवाज आला, "उठलास काय वो?"

"उठलंय," मी म्हटलं. आडवाच होतो.

मग कपबशांचा आवाज झाला, तिची पावलं वाजली, आणि ती चहा घेऊन दारात यायच्या आत मला उठणं भाग पडलं.

मधे नारळच बांधलाय, बाय.